संपूर्ण नामांतर

“आई, मी आलोय. जोतीराम.”

“परबोध? कोण परबोध?” सगुणाबाईंनी मान वर केली.

जोतीराम हबकला. नाव त्यानंच बदललं होतं, गेल्या महिन्यात, रीतसर राजपत्रात छापून: जोतीरामचं प्रबोध. जोतिबाला नवस बोलून झालेला मुलगा, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. पुढे पोराचा देवावरचा विश्वासच उडाला. ज्याला आपण मानत नाही त्याच्या नावानं जन्मभर ओ द्यायची, हे त्याला खोटेपणाचं वाटे. आता बोला! पस्तिशीतल्या माणसाला कोण अडवणार?

त्यातही त्यानं ‘संपूर्ण नामांतर’ निवडलं. कायदा तसा भल्यासाठीच केलेला. जुन्या नावावरून जातधर्म काढून कुणी छळू नये, म्हणून ते त्या माणसापुरतं सगळ्या यंत्रांतून पुसायचं आणि नवं बसवायचं, कायमचं. फोन, पडदे, गाड्या, सगळं त्याच्या ध्यानात होतं. त्या यंत्रांत आईची कर्णिकाही येते, हे तेवढं लक्षातच आलं नाही.

सगुणाबाईंची नजर गेलेली, कानही गेलेले, वयानं विसरही पडू लागलेला. कानामागे बसवलेली कर्णिका समोरच्याचे शब्द ओळखायची आणि एकाच ठरावीक आवाजात थेट मज्जातंतूला पोचवायची. कोण बोलतंय हे त्यांना नावावरूनच कळे.

“अक्का, तू तरी सांग गं!” तो बहिणीवर खेकसला.

अक्का वाकून ओरडली, “आई, मी अक्का. आपला जोतीराम हाय ह्यो!”

“आपल्यात कोण न्हाई परबोध,” सगुणाबाई वैतागल्या. “फसवाय आलाय का कोण?”

मग तो आठवणी सांगत सुटला. तापात फणफणलेल्या पोराला घेऊन आई जोतिबाचा डोंगर चढली होती. गुलाल डोळ्यांत गेला म्हणून त्यानं भोकाड पसरलं होतं.

ऐकता ऐकता तिचा चेहरा खुलला. “हे त्यानं सांगितलं व्हय तुला? म्हंजी दोस्त हायस माझ्या जोतीरामाचा!”

देव त्याला आजही नको होता. पण ते नाव असं मायेनं घेणारी ही एकच बाई होती, आणि ती त्यालाच परका समजून बोलत होती.

सगुणाबाईंनी चाचपडत त्याचा हात धरला.

“लई गुणाचा हायस बघ. पर हितं आलायस ते तुझ्या आईला सांगितलंस का रं? वाट बघत असंल की ती.”