बेगमचं पाणी

आनंदराजने पहिल्या भेटीत माझ्याकडे काय मागितलं असेल, सांगा बरं? नाव नाही, फोन नंबर नाही. मांजराची लघवी मागितली. तीही एका म्हशीच्या आडून.

लातूरच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या दिवशी रांगेत दोन म्हशी, एक लंगडी शेळी आणि मी होते. माझ्या पिशवीत बेगम, वय वर्षं सोळा. माझे बाबा मुदखेडला रेल्वेत होते. तिथल्या मालधक्क्यावर त्यांना ती सापडली आणि तिचा तोरा बघून त्यांनीच हे नाव ठेवलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या हाताची सवय असलेलं, त्यांचा आवाज ओळखणारं असं आता मी आणि ही सोडून कुणी उरलं नव्हतं.

आणि महिनाभर ही बया घरभर मुतत होती. दारात, गादीवर... आणि परवा तर पौर्णिमेच्या बुद्धवंदनेसाठी इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या साडीवर. वास जिन्यातून खाली उतरला आणि घरमालकीण सरस्वतीकाकू वर चढून आल्या. "पोरी, लई झालं. ऐतवारपर्यंत वाट बघते. एक तर मांजर जाईल, न्हाई तर तू."

मी दुसरी खोली शोधली असती, पण म्हातारं मांजर म्हटलं की लोक दारातूनच हात जोडत. आणि तिला कुठेतरी सोडून यायचं, ही कल्पनासुद्धा मला करवत नव्हती.

"लघवी आणली का?" म्हशीमागून आवाज आला. मग कोपरापर्यंत हातमोजे घातलेला एक तरुण डॉक्टर बाहेर आला.

"कुणाची?"

"तुमची नको, मॅडम. हिची."

शेळीवाला खुदकन हसला. मी रागाने बघितलं, तर डॉक्टरही हसू दाबत होता. त्याच्या गालाला एकाच बाजूने खळी पडत होती, हे मला तेव्हाच दिसलं... खोटं कशाला बोलू?

त्याने बेगमच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. त्याचं हसू गेलं.

"पाणी किती पिते?"

"लई पीत होती. म्हणून मी वाटीच उचलून ठेवली. दिवसातून दोनदाच देते." माझा आवाज बारीक होत गेला. "कमी पिली तर कमी करेल, असं वाटलं. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं... मापून वापरायची सवय."

"तुम्ही काय करता?"

"क्लासला शिकवते. नीटच्या पोरांना... जीवशास्त्र."

"किडनी कितव्या धड्यात आहे?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. गेल्याच आठवड्यात मी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी मूत्रपिंड काढलं होतं. डोळे भरून आले.

"रडू नका," तो एकदम हळू बोलला. "ती जास्त पिते म्हणून जास्त करत नाही. किडनी थकलीय, पाणी धरून ठेवत नाही, म्हणून तिला प्यावं लागतं. पाणी तोडलं तर ती वाचणार नाही. आणि जाते कुठं एरवी?"

"गच्चीवर. मातीचं घमेलं ठेवलंय."

"पायऱ्या किती?"

"बावीस."

त्याने मागच्या पायाचा गुडघा दाबला. बेगम फिस्कारली. "बघा. बावीस पायऱ्या, वर घमेल्याचा काठ. म्हाताऱ्या माणसानं तरी कुठवर चढायचं?"

संध्याकाळी तो खोली बघायला आला. मोटारसायकलवर सुताराकडच्या भुशाचं पोतं होतं. कुणी गुलाब आणतं, कुणी गजरा. मला भुसा आला.

"बुटक्या काठाचं काहीतरी द्या."

"परात आहे. पण तिच्यात मी भाकरी करते."

"करत होतात," तो म्हणाला.

आधी परातीत धुतलेली बारीक खडी पसरली, कारण खडी लघवी शोषत नाही आणि त्याला बाटलीत नमुना हवा होता. तो मिळाल्यावर भुसा. खोलीच्या चार कोपऱ्यांत पाण्याच्या चार वाट्या. फिनाईल बंद, कारण ते मांजरांना बाधतं. मग तो रोज यायला लागला. दारात बसायचा, "बेगमसाहेब, तब्येत कशी हाय?" असं विचारायचा आणि तिने पाठ फिरवली तरी वाट बघायचा. नायगावचं घर, आईच्या हातचं पिठलं, पहिल्यांदा म्हशीने लाथ मारली तो दिवस... सगळं सांगायचा. शुक्रवारी 'मॅडम'ची धम्मप्रिया झाली.

"औषध आणि पाणी चालू ठेवलं तर अजून दोन-तीन वर्षं आरामात काढेल," तो म्हणाला.

"हे फोनवरपण सांगता आलं असतं."

"आलं असतं," तो म्हणाला, आणि रिकामा कप पुढे केला. "अजून आहे का चहा?"

रविवारी सरस्वतीकाकू कठडा धरत वर आल्या. गादी हुंगली, दार हुंगलं. "वास तर न्हाई." मग परातीकडे बघून म्हणाल्या, "गच्चीवर का जात न्हाई ही?"

"गुडघे दुखतात तिचे."

काकू खाटेवर टेकल्या. स्वतःचा गुडघा चोळत बेगमकडे बघत राहिल्या. "चार वर्षं झाली, म्याबी गच्ची बघितली न्हाई. राहू दे तिला."

मी बेगमला छातीशी धरून पोटभर रडले. तिला ते अजिबात आवडलं नाही.

सोमवारी मात्र आनंदराज आला नाही. यायला कारणच उरलं नव्हतं. सात वाजले... साडेसात. मला तो आवडत होता. फार. शेवटी फोन केला. "डॉक्टर, तिनं परत केलं. दारातच."

दहा मिनिटांत तो धापा टाकत हजर. उकिडवा बसून त्याने फरशीवरच्या ओलीला बोट लावलं, नाकाशी नेलं. परत लावलं.

"तुमच्या नळाला पाणी कधी येणार?"

"शुक्रवारी."

"आज सोमवार." त्याने वर बघितलं. "आणि इथं तांब्याभर पाणी सांडलंय."

"सांडलं नाही," मी म्हणाले. "मी ओतलं."

त्याने ओलं बोट शर्टाला पुसलं. मग खळी दिसली.

"उद्या आईला फोन करतो," तो म्हणाला. "लातूरच्या पोरीनं एप्रिल महिन्यात माझ्यासाठी तांब्याभर पाणी ओतलं म्हणून सांगतो. ती पुढं काहीच विचारणार नाही."

बेगम लंगडत आली आणि आमच्या दोघांच्या मधलं ते पाणी चाटायला लागली. आम्ही तिला पिऊ दिलं.