तेलाचे सात हात

त्या संध्याकाळी ती लाकडाच्या वखारीत शिरली तेव्हा पायांत जीव म्हणून उरला नव्हता. दिवसभर विजेच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीत बसायचं, लोकांचा राग गिळायचा आणि वर गोड हसायचं! तरीही तिने ढिगातली सगळ्यात देखणी फळी हेरली आणि ओढायला लागली.

“ती नको,” मागून आवाज आला. “तिला पीळ आहे.”

“मलाही आहे,” ती म्हणाली आणि वळली.

वखारवाला. केसांत भुसा, कानावर पेन्सिल, आणि डोळे... डोळ्यांचं राहू दे, सुरू केलं तर गोष्ट तिथेच संपेल!

“काय बनवायचंय?” हसू दाबत त्याने विचारलं.

“सुतारकामाचं टेबल. पहिलंच आहे.”

“पण ते बनवायलाही आधी एक टेबल लागतं.”

“मग जमिनीवर बसून बनवीन. काही म्हणणं?”

त्याचं काहीच म्हणणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो सरळसोट फळ्या घेऊन स्वतःच तिच्या घरी हजर झाला. आणि मग येतच राहिला.

घरी दादाचं मात्र म्हणणं होतं. “गिटार अर्धी, स्वेटर अर्धा, पोहणं तर पाव. पुढच्या महिनाअखेर ह्या टेबलावर एक तरी फळी रंधा मारून दाखव. नाहीतर मागच्या खोलीत माझी व्यायामाची सायकल येणार.”

“ती सायकल तरी कुठे पूर्ण चालवलीत?” वहिनी म्हणाली. पण दादाचं बोलणं बहिणीला लागलं. कारण खरं होतं ना ते! ह्या वेळी अर्धं सोडायचं नाही, बस्स.

सहा दिवस खिडकी, सातव्या दिवशी करवत. हाताला फोड आले, मान आखडली. चार पाय कापले, ते चार उंचीचे निघाले. “करवतीला दाबू नका, तिला तिच्या चालीने जाऊ द्या,” म्हणत त्याने तिच्या मुठीवर हात ठेवला... आणि दोघंही कापायचंच विसरले. पुढच्या महिन्याच्या पहिल्याच रविवारी टेबल उभं राहिलं. डुगडुगलं नाही! ती टेबलाला टेकून खाली बसली, इतकी दमलेली की आनंद करायलाही उठवेना.

“आता तेल,” तो घाईने म्हणाला. “सात हात द्यावे लागतात. मी... येऊन बघत जाईन.”

“सात?”

“सातच.”

मग बुधवारी ऑफिसातून आल्यावर एक हात, रविवारी एक हात. डोळे मिटत असायचे, फडकं फिरत असायचं. तो वाकून बघायचा, मान हलवायचा. “अजून एक लागेल.”

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. सहा हात झाले होते, टेबलात तोंड दिसत होतं. दादा दारात हाताची घडी घालून उभा. तिने फळी ठेवली, रंधा टेकवला, जोर लावला, आणि फळी सुळ्ळकन निसटून भिंतीवर आपटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली.

“टेबल आहे की घसरगुंडी?” दादा म्हणाला.

ती मटकन खाली बसली. समोरच तेलाचा डबा होता. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : कामाच्या टेबलाला दोन हात पुरेत. जास्त दिल्यास पृष्ठभाग निसरडा होतो.

तेवढ्यात तो आला, सातव्या हातासाठी. तिने डबा त्याच्यापुढे धरला.

“तुम्हाला माहीत होतं?”

त्याने खाली बघितलं. “...हो.”

“मी उभ्या उभ्या झोपत होते! आणि आत्ता मला वाटलं, पुन्हा माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा अर्धं राहिलं.” तिचा आवाज फुटला. रागाने फुटला असता तर बरं, पण नुसत्या थकव्याने फुटला.

“तुमचं काही चुकलं नाही. टेबल पहिल्या आठवड्यातच झालं होतं. झकास झालं होतं.” त्याने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. “पण तसं सांगितलं असतं तर... मला यायला कारण राहिलं नसतं.”

दारातला दादा खाकरला. “म्हणजे—”

“म्हणजे सायकल अंगणात,” वहिनीने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

वखारवाल्याने पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागला. ती थोडा वेळ बघत राहिली. मग उठली, दुसऱ्या टोकाने घासायला लागली. तासाभराने चकाकी गेली, लाकूड पुन्हा खरखरीत झालं. तिने फळी ठेवली. रंधा फिरला. फळी जागची हलली नाही आणि एक लांबच लांब, पातळ साल गोल गोल वळत तिच्या मनगटावर आली.

झालं. पूर्ण झालं!

“मग... पुढच्या रविवारी?” त्याने चाचरत विचारलं. “दुसरं काहीतरी बनवायचं?”

“काही बनवायचं नाही. मी दमलेय,” ती म्हणाली. “कारणही आणायचं नाही. नुसतं येऊन माझ्याशेजारी बस.”

तो तिथेच, भुशात, भिंतीला टेकून बसला.

“पुढच्या रविवारी म्हटलं मी!”

“सराव करतोय.”

तिला हसू आवरेना. ती त्याच्याशेजारी बसली, डोकं त्याच्या खांद्याला लावलं... आणि वहिनी पाणी घेऊन आली तेव्हा ती गाढ झोपलेली होती, आणि तो, मुंग्या आलेला हातही न हलवता, श्वास जपून घेत होता.