नरसम्माचे बारा हात

पैज लागली ती सोलापुरात, विणकर वसाहतीत, टँकरच्या रांगेत. एका बाजूला बोधले सर. राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आता कामगारांचा अभ्यासवर्ग चालवणारे. दुसऱ्या बाजूला शेजारीण नरसम्मा गड्डम. त्या वर्गात कधी न फिरकलेली, पण टॉवेल गिरणीतली सगळ्यात तयार विणकर. तिच्या हातांवरूनच गिरणीनं विणकाम करणारे बारा यंत्रहस्त, म्हणजे रोबोटचे हात, शिकवून घेतले होते.

“संपाला आधी विचार लागतो,” सर म्हणाले. “यंत्राला वर्गजाणीव नाही. ते मालकापुढं कधी हात आखडणार नाही.”

“आखडलं तर?”

“गिरणीच्या गेटवर अर्धी मिशी काढीन.”

“डावीच ना, सर?” रांगेतून कुणीतरी विचारलं.

“मी हरले तर वर्षभर तुमच्या वर्गात बसते,” नरसम्मा म्हणाली. ही शिक्षा आहे हे कळून सर जरा दुखावले.

तिसऱ्या आठवड्यात नरसम्माला ऑफिसात बोलावणं आलं. मॅनेजर जाजूंनी आधी तिचा मोबाईल काढून घेतला.

“वेगाच्या मोजणीला माझा माणूस उभा राहिला की बाराही हात मंदावतात. तो वळला की सुसाट. युनियन बाहेरून इशारा देतेय. नाव सांगा, नाहीतर संध्याकाळी नोकरी जाईल आणि पोलीस येतील.”

यंत्रहस्त बनवणाऱ्या डॉ. शिराळकर शेजारीच बसल्या होत्या. “इशारा कशाला हवा? हे हस्तशिक्षण आहे. आपण यंत्राला नियम सांगत नाही. सहा महिने बाईंचे हात आणि समोरचं दृश्य टिपलं. अमुक दिसलं की हात असे चालतात, एवढंच ते शिकलं. का, ते त्याला ठाऊक नाही.”

“मोजणीला जोरात विणलं तर रोज तेवढंच मागतेत की,” नरसम्मा म्हणाली. “सगळेच सावकाश करतेत. हात आपोआप करतेत.”

जाजूंचा संशय काही हलेना. “आणि मंदावतात ते फक्त माझ्याच माणसांपुढं? फारच सोयीचं आहे.”

“मग युनियनच्या जवळचा माणूस उभा करा,” शिराळकर म्हणाल्या. “इशारा युनियनचा असेल तर तिच्याच माणसापुढं हात कशाला मंदावतील?”

“आणि पळाले जोरात, तर बाई गेल्या,” जाजू म्हणाले. “बोधलेंना बोलवा. कारण सांगू नका.”

सर आले ते छाती काढून. यंत्रांसमोर उभे राहिले, सवयीनं वही उघडली, घड्याळ बघितलं. बाराही हात मंदावले. वेग एक पंचमांशानं उतरला.

सर खांबामागं गेले. हात सुसाट. पुढं आले. पुन्हा सुस्त.

जाजूंनी तीनदा करून बघितलं आणि मोबाईल निमूटपणे नरसम्माकडं सरकवला.

“पण मी तुमच्या बाजूचा आहे,” सर म्हणाले.

“असाल की,” नरसम्मा म्हणाली. “पण गेल्या वर्षी सर्वेक्षणाला येऊन काय करत होता? शेजारी उभं राहायचं, घड्याळ बघायचं, लिहायचं. मोजणीवाले बी तेच करत होते. काय लिहिता म्हणून विचारलं तर म्हणायचात, पुस्तक निघेल तेव्हा कळेल.”

पाळी सुटताना गेटवर खुर्ची मांडली गेली. वसाहत लोटली होती. ही जाणीवपूर्वक कृती नाही, म्हणून हा संप नाही, असं सर न्हाव्यानं साबण लावेपर्यंत सांगत होते.

“पैज हात आखडायची होती,” नरसम्मा म्हणाली.

डावी मिशी गेली. तेवढ्यात तिनं सरांच्या मांडीवरची वही उचलली, गेल्या वर्षीच्या सर्वेक्षणाचं पान काढलं आणि गर्दीला ऐकू जाईल असं वाचलं. “पाहणीत कामगारांचा वेग कमी आढळला. कारण, जाणिवेचा अभाव.”

गेटवर हशा उसळला. सरांनी वही मागून घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मग न्हाव्याला म्हणाले, “उजवी पण काढ.”