सरांच्या कानातला डूल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट ऐकून तुमचा बसला तर मला बोल लावू नका.

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात मी नोंदणीचं काम बघतो. नवं चित्र आलं की पेटी उघडायची, चित्र दिव्याखाली धरायचं आणि नखशिखांत तपासून त्याचं स्थिती-पत्रक भरायचं. चित्रात काय आहे, तडा कुठे, डाग कुठे, सगळं. पुढे कुणी म्हणालं, हा ओरखडा तुम्हीच पाडलात, तर पत्रक त्याच्या नाकासमोर धरता येतं. पत्रकात खोडरबर चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. नियम उत्तम आहे. माणूसच तेवढा उत्तम मिळाला नाही.

वीस वर्षांच्या नोकरीत मी एकच शोध लावला : पेटी न उघडताही पत्रक भरता येतं! मागच्या चित्राचं पत्रक समोर ठेवायचं, नाव बदलायचं, बाकी जसंच्या तसं उतरवायचं. चहा निवायच्या आत काम फत्ते. चित्रं काही तक्रार करत नाहीत. म्हणजे, तोवर केली नव्हती.

त्या दिवशी दुपारी चार वाजता नव्या चित्रांचं प्रदर्शन उघडायचं होतं. मानाचं चित्र होतं गणिताच्या दिवंगत प्राध्यापकांचं. अख्खं विद्यापीठ त्यांना नुसतं 'सर' म्हणायचं, तेही दबक्या आवाजात. उत्तर बरोबर आणि रीत चुकली, तर शून्य देणारा माणूस! त्यांच्या लेकीने चित्र दिलं ते एका अटीवर. तिने पाठवलेल्या फोटोत जसं आहे तसंच ते भिंतीवर दिसलं पाहिजे. तसूभर फरक दिसला तर चित्र परत. संचालकबाईंनी त्यात स्वतःची अट जोडली होती. "चित्र परत गेलं, तर त्याच गाडीत तुम्हीही."

एक वाजता, जेवून, मी तळघरात उतरलो. सोबत चित्रं टांगणारा सुतार होता. त्याला आम्ही ओळंबा म्हणतो. पाहुणा म्हणून गेला तरी आधी यजमानांची भिंत सरळ आहे का ते बघतो. त्याने पेटीचं झाकण उचकटलं, आत डोकावला आणि तसाच थांबला.

"साहेब, सर हौशी होते का हो?"

"सर? छे! हसायचे सुद्धा नाहीत. का?"

"कानात डूल घातलाय."

मी वाकून पाहिलं. काळा कोट, आवळलेले ओठ, आणि उजव्या कानात लाल खड्याचा डूल. हातात गुलाबी पिसांचा पंखा, छातीशी धरलेला.

फोटोत सरांचा कान मोकळा होता आणि हातात खडू होता. डूल आणि पंखा हे ऐवज होते मागच्या चित्रातल्या नर्तकीचे. पत्रक काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'उजव्या कानात लाल खड्याचा डूल, हातात पिसांचा पंखा.'

सरांनी पत्रक पाळलं होतं.

"मग खोडा की ते," ओळंबा कुजबुजला.

मी नियमाप्रमाणे त्या ओळीवर रेघ मारली, सही केली. कुठेतरी खर्रर्र असा बारीक आवाज झाला.

"साहेब..."

"आता काय?"

"तुमची सही... सरांच्या गालावर उठलीय."

कानापासून नाकापर्यंत एक सरळ रेघ, आणि तिच्या टोकाला मी. सही मात्र सुरेख आली होती.

"रेघ सरळ आहे हो," ओळंबा मागे सरकत म्हणाला. "मी जरा वर खिळा बघून येतो."

"अहो, सकाळीच ठोकलात ना?"

"वाकला असेल..." आणि गडी जिना चढूनही गेला.

एकच मार्ग उरला होता. नव्याने तपासणी केली, की नवं पत्रक भरता येतं. फोटो शेजारी ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा एकेक गोष्ट ताडून लिहू लागलो. 'उजवा कान मोकळा.' मान वर केली. डूल गेला होता. 'गाल स्वच्छ.' सही गेली. 'हातात खडू.' पिसं एकेक करून मिटली. हुश्श! शेवटचा रकाना राहिला : चित्राची मागची बाजू. आता एवढं जड धूड कोण वळवणार? मी लिहिलं, 'ठीक.'

दिवे गेले.

तळघराला खिडकी नाही. भर दुपारी असा काळोख, की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते चाचपून बघावं लागावं. ओल्या फळ्याचा वास आला. मग अगदी जवळून... टक्... टक्... टक्. चुकलेल्या उत्तरावर खडू आपटतात ना, तसा आवाज.

"सर..." माझा आवाज चौथीतल्या पोरासारखा निघाला. "वळवतो, सर... आत्ता वळवतो."

दिवे लागले. घाम पुसत चित्र वळवलं. मागे खडूची पूड होती, ताजी. 'ठीक'च्या पुढे तसं लिहिलं.

चार वाजता लेक आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. संचालकबाई माझ्याकडे बघत होत्या, मी दाराकडे.

"फोटोत बाबा समोर बघतायत," ती म्हणाली. "इथे बाजूला बघतायत."

माझी गाडी मला दिसू लागली. लेक सरांच्या नजरेच्या रेषेत वळली. तिथे मी उभा होतो. आणि एकदम तिचे डोळे भरून आले.

"पेपर तपासताना अस्सेच बघायचे हो! नापास होणाऱ्याकडे. फोटोपेक्षा हेच खरे बाबा." तिने कागदांवर सही केली. चित्र राहिलं, मीही राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली, तर आत आणखी एक पत्रक. अक्षर खडूचं, रेखीव, माझं नव्हे. 'विषय : नोंदणी अधिकारी. टाळूवर केस विरळ. डावा गुडघा कुरकुरतो.' कालपर्यंत कुरकुरत नव्हता. खुर्चीतून उठलो तर कुरकुरला. 'स्वभाव : आळशी, किंचित सुधारणा. साठवण : तळघर, चौथी फळी, तोंड भिंतीकडे.'

ओळंब्याला घेऊन खाली गेलो. चौथ्या फळीवर कायम जुन्या चौकटींचा ढीग असतो. ती रिकामी होती, ओल्या फडक्याने पुसलेली. ओळंब्याने सवयीने टेप लावली. टोकापासून टोकापर्यंत मापलं, पुन्हा मापलं आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला,

"साहेब... तुमची उंची किती हो?"