फाटकावरची पाळी

आमच्या गावात बघण्यासारखं तीनच: अर्धा उरलेला गोल मनोरा, मठाच्या भिंती आणि नाकं झिजलेल्या संतांचा दगडी क्रूस. उन्हाळ्यात पाहुण्यांना ते दाखवायचं काम माझं. मनोरा डेन लुटारूंनी जाळला आणि मठ इंग्रजांनी, हे इतक्या वेळा सांगून झालंय, की दोन्ही आगी मीच लावल्यासारखी मी थकते.

मठाच्या आवारात दफनभूमी आहे. आमच्याकडे मानतात, सगळ्यांत शेवटी पुरलेल्या माणसाने फाटकावर पहारा द्यायचा आणि आतल्यांना पाणी आणायचं. पुढची शवपेटी त्या फाटकातून आत आली, की त्याची सुटका. एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या, तर खांदेकरी चक्क धावायचे.

माझ्या आईला पुरलं आणि त्याच वर्षी नगरपालिकेने जागा भरली म्हणून दफन बंद केलं. आईचे गुडघे तर आधीच गेलेले.

मी हे मानत नव्हते. मग मे महिन्यात एक जर्मन बाई म्हणाल्या, "फाटकावरच्या आजी फार शिस्तीच्या हं. मला बूट पुसायला लावले."

"कोण आजी?"

"बादलीवाल्या. तुमच्या मागून कोणी येतंय का, विचारत होत्या. दमलेल्या वाटल्या."

मी जाऊन पाहिलं. फाटकात कोणी नव्हतं. खालची फरशी ओली होती आणि पाऊस आठवडाभर नव्हता, आमच्या रोज पावसाच्या गावात!

बंदीनंतरही पुरता येईल अशी जुन्या हक्काची जागा असलेली दोनच माणसं उरली होती. म्हातारा फिंटन ट्रेनर, आणि आईच्याच थडग्यात मी. दर रविवारी मी फिंटनला सूप नेऊन द्यायची.

"अशी काय बघतेस, बये? खाटीक बकऱ्याकडे बघतो तशी."

"खा गुपचूप. गार होतंय."

"मी गार झालो की तुझी आई सुटेल, हो ना? सांग तिला, ट्रेनर निघालाय. पण आधी मीठ दे."

नोव्हेंबरात तो गेला. मी रडले, आणि हायसंही वाटलं.

पुरायच्या दिवशी नदीचं पाणी फाटकाकडच्या रस्त्यावर आलं होतं. त्याच्या भाच्यांनी पेटी वळसा घालून, गावालगतच्या देशसीमेच्या उत्तरेकडून आणली आणि मागच्या भिंतीच्या खिंडारातून आत घेतली. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. मी पाद्र्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते.

मार्चमध्ये बेलफास्टचे एक मास्तर आले.

"पहारा चोख आहे तुमचा," ते हसले. "मागे खिंडारापाशी एक आजोबा, पुढे फाटकावर आजी."



"आजी काही म्हणाल्या?"

"डिम्फना तुम्हीच ना? तुमचीच चौकशी. तिचा खोकला कसा आहे, म्हणाल्या."

"मला खोकला नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी खरंच नव्हता.