बंद न पडणारा एडिटर

खोटं वाटेल, पण शब्दन् शब्द खरा आहे. आमोद माझा मावसभाऊ. गेल्या जानेवारीत, वरंधच्या घरी, भर दुपारी हे घडलं.

आमोद कंपनीच्या टेक्स्ट एडिटरचं काम घरून बघायचा. लिहिण्याचं साधं सॉफ्टवेअर, त्याला हवी ती एक्स्टेन्शन्स, म्हणजे छोटे जोड-प्रोग्रॅम, जोडायची. पण कुठलंतरी एक्स्टेन्शन मेमरीत आपली हद्द सोडून लिहायचं आणि एडिटर धाडकन क्रॅश व्हायचा.

आमोदला कायम घाई. कोण लिहितंय ते शोधायचं सोडून त्याने शक्कल लढवली. हद्दीबाहेरचं लिखाण रिकाम्या जागेत वळवायचं आणि एडिटर चालू ठेवायचा. क्रॅश थांबले. स्वारी खूश. सकाळीच त्याने ती दुरुस्ती सगळ्या ग्राहकांना पाठवून दिली.

दुपारी सहज बघितलं...

वळवलेलं लिखाण येतच होतं.

त्याने एकेक करत सगळी एक्स्टेन्शन्स काढली.

तरी कुणीतरी लिहीत होतं...

त्याने ती जागा उघडली. एकच अक्षर होतं. 'मै'.

मागच्या पडवीत किंकाळी उठली.

त्याची बायको मैथिली तिथे शेजारच्या आवडीकाकूंबरोबर पोपटीसाठी, मडक्यात भाजायला, वालाच्या शेंगा निवडत होती. तिच्या दंडावरची कातडी उसवली होती. रक्तातही अक्षर स्पष्ट दिसत होतं... 'मै'.

आमोदने धावत जाऊन जखमेवर पंचा दाबला. पंच्याखालीच मांस फाटत गेलं.

'थि'.

आत हाड दिसलं. मैथिली गुरासारखी ओरडत होती. काकू तिला मागे ओढत होत्या, पण हात जागचा हलेना.

"आमोद," काकू हळूच म्हणाल्या, "हिचा हात कोनी धरलाय रे? हितं तं कोन नाय."

आमोद रक्ताळल्या बोटांनी लॅपटॉपवर तुटून पडला. आपली दुरुस्ती काढली, एडिटर पुन्हा सुरू केला.

तो धाडकन क्रॅश झाला.

पडवीत मैथिलीचा हात सुटला.

महाडच्या डॉक्टरांनी हात वाचवला. आमोद तेव्हापासून ग्राहकांना विनवतोय, दुरुस्ती काढा, क्रॅश होऊ द्या. लोक हसतात. एडिटर कधी नव्हे तो छान चालतोय म्हणतात.

मैथिली बाही कधी वर करत नाही. पण हल्ली दुपारी त्या जखमेशेजारची कातडी लाल होते...

एकच अक्षर राहिलंय.