टेबलावरचा हिरवा चेहरा

आमच्या विभागात नवीन मशीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला, कारण मुखवटे करायचं काम सुटलं. आधी घशाच्या कॅन्सरचा पेशंट आला की प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून त्याच्या तोंडावर दाबायची, आणि गार झाली की त्याच जाळीत डोकं टेबलाला जखडून किरणांचा शेक द्यायचा. माणसं घामाघूम व्हायची. आता छतावरचे कॅमेरे अंगावर उजेड टाकतात आणि बाहेर कंट्रोल रूममधल्या आमच्या पडद्यावर पेशंटचा आकार उमटतो. पहिल्या दिवशीच्या आकाराशी जुळला की हिरवा, केसभर हलला की लाल, आणि लाल झाला की किरण आपोआप थांबतात. यंत्राला दयामाया नसते आणि डुलकीही लागत नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास होता.

मग माझ्या बायकोच्याच घशात गाठ निघाली. डाव्या जबड्याखाली सूज आली होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गाठ लहान आहे, शेक नीट बसला तर ही बरी होईल. त्या एका वाक्यावर आमचं घर चाललं होतं.

आपल्या माणसाला आपण शेक देऊ नये असा आमच्यात संकेत आहे. पण टेक्निशियन आम्ही दोघंच. माझ्या जोडीची टेक्निशियन म्हणाली, "बाहेर बसलास तर सारखं दार ठोठावशील. त्यापेक्षा आतच ये." ती हिला टेबलावर नीट झोपवायची आणि मी पडद्यासमोर बसायचो.

हिला एका जागी बसणं म्हणजे शिक्षा. भाजी निवडतानाही चारदा उठणार. पडदा सारखा लाल होणार अशी मला धास्ती होती, पण तसं झालं नाही. ही आडवी झाली की हिरवा, तो शेवटपर्यंत हिरवाच.

"घरी कधी ऐकलं नाही हो तुमचं," बायको म्हणाली, "इथे बघा कशी मुकाट पडून राहते."

एकदा ती खोकली. खोलीतल्या साध्या कॅमेऱ्यात तिचे खांदे उचललेले मी पाहिले. पडदा हिरवाच राहिला.

शेक सुरू झाला की लोकांची मान भाजल्यासारखी लाल होते, तोंड सोलवटतं, चव जाते. हिला यातलं काही झालं नाही. उलट भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी रोज बोलणी खात होतो, आणि इतक्या आनंदाने मी कधीच बोलणी खाल्ली नव्हती. "नशीबवान आहात," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

पण ती वाळत चालली. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली. पेशंट इतका बारीक झाला की जुन्या आकाराशी जुळत नाही, नव्याने स्कॅन करावा लागतो. पडदा मात्र तक्रार करेना. मी डोळे जवळ नेऊन पाहिलं. पडद्यावरचे गाल भरलेले होते.

किरणांचं मोजमाप सांभाळणाऱ्या आमच्या फिजिसिस्टने टेबलावर मोजमापाचा पुतळा ठेवून सगळं तपासलं. पुतळा जरासा सरकवला की लगेच लाल. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुम्हीच जरा झोप काढा."

घरी जाताना हिने विचारलं, "माझ्या आधी कोण असतं हो? टेबल रोज कोमट लागतं."

जेवणाच्या सुट्टीनंतर पहिला नंबर हिचाच असायचा. मी काहीतरी सांगून विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी मी पडदा चालू केला तेव्हा टेबलावर नुसती चादर होती. पडद्यावर हिरवा चेहरा होता. छाती सावकाश खालीवर होत होती.

"अहो, जाऊ ना आत?" ती माझ्या मागे उभी होती.

"थांब जरा." मी पडदा बंद करून परत चालू केला. चेहरा गेला. ही आत जाऊन झोपली आणि चेहरा आला. आधीचं चित्र अडकलं असेल, असं फिजिसिस्ट म्हणाला. मला ते खरं मानायचंच होतं. शेक चुकवला तर गाठ फोफावते, हे मीच लोकांना सांगत आलो आहे.

शेक संपले. काही आठवड्यांनी स्कॅन झाला. गाठ वाढली होती.

"एकदाही शेक मिळाला नसावा असं दिसतंय," डॉक्टर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण मशीनची नोंद चोख आहे. किरण गेलेत."

"कुठे गेले?" मी विचारलं.

बायको माझ्या हातावर थोपटत राहिली, आजारी मीच असल्यासारखी.

ती घरीच वारली. मला मोठ्याने रडायचं होतं, पण घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. ते रिकामं झालं तेव्हा माझ्यात रडायचं त्राण नव्हतं.

मी कामावर परतलो. हिची फाइल जोडीच्या टेक्निशियनने आधीच मशीनमधून काढून टाकली होती.

सकाळी पडदा चालू केला. टेबल रिकामं होतं.

चेहरा होता. हिरवा.

मी पडद्यावर तिच्या जबड्याखाली बोट ठेवलं. सूज कमी वाटली.

मी कुणाला सांगितलं नाही. रोज लवकर येऊ लागलो. रोज ती सूज थोडी उतरत होती.

आज मान सपाट दिसली.

डॉक्टर मॅडम कशासाठी तरी आल्या आणि माझ्या मागे थांबल्या. आतल्या टेबलाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पडद्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"छान," त्या म्हणाल्या. "ही पूर्ण बरी झाली की. आता घरी जाऊ दे हिला."